मोठ्या रांजणावरची माती

मनावी, ९ फेब्रुवारी १९९८

एल्गुजा,

गोचाची बस गुरुवारी तुझ्याकडे रोस्तोव्हला निघतेय, म्हणून घाईत लिहिते. घाईत म्हणजे काय, तुला पत्र लिहायचं तर मला तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी फाडते, कारण त्यात नुसत्या शिव्या असतात. हे तिसऱ्या दिवशीचं आहे, तेव्हा निर्धास्त वाच.

आई बऱ्या आहेत. गुडघे दुखतात, जीभ नाही. काल शेजारच्या शक्रोकाकाच्या बायकोला ऐकवलं की त्यांच्या तोनेच्या मातीच्या भट्टीतल्या रोटीला हल्ली धुराचा वास येतो, आणि मग तीच रोटी दोन वाट्या राजम्याबरोबर खाल्ली. वीज दिवसातून दोन तास असते. छताचे कोपऱ्यातले पत्रे उडाले होते, मी आणि शक्रोकाकानं बसवले. द्राक्षमळा तोच अर्ध्या वाट्यानं करतो, आपल्या मारानीत, वाइनच्या कोठीत, जमिनीत पुरलेल्या रांजणांपैकी दोन लहान तोच भरतो, हे तुला माहीत आहे.

आता मोठ्या रांजणाबद्दल.

जाताना तू सांगून गेलास: दर शनिवारी झाकणावरच्या मातीवर पाणी शिंपड, माती भेगाळली तर हवा आत जाईल, ईस्टरला येऊन मी उघडतो. कुठल्या ईस्टरला, ते मात्र सांगितलं नाहीस. तीन ईस्टर होऊन गेले. चौथा एप्रिलात आहे. सव्वातीन वर्षं दर शनिवारी मी बादली घेऊन मारानीत जाते, गुडघ्यावर बसते, माती ओली करते, हातानं सारवते. तान्ह्या पोरालासुद्धा कुणी इतक्या नेमानं न्हाऊ घालत नसेल. आणि तुझ्या आई दारात खुर्ची टाकून बघत बसतात, एखादा कोपरा कोरडा राहिला तर काठीनं दाखवतात.

मला वैताग मातीचा नाही. तेलावीहून डोडोचा निरोप आलाय. आम्ही दोघी वाइनच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकत्र होतो, आठवत असेल तुला, लग्नाआधी तू तिला माझ्यासाठी चिठ्ठ्या द्यायचास. तिथे नवा कारखाना उघडतोय, तिला प्रयोगशाळेला माणूस हवाय, आणि तिनं माझं नाव दिलंय. राहायला दोन खोल्या देणार आहेत. चार मेला हजर व्हायचं. माझं काम, एल्गुजा. काचेच्या नळ्या, आम्लता, साखर, माझ्या हातचं टिपण. बारा वर्षांनी कुणीतरी मला विचारलंय.

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भरलेला रांजण एकटा टाकून घरची सून जात नाही. रांजण उघडला की खुशाल जा." म्हटलं, मग उघडू या. तर म्हणाल्या, "जिवंत नवऱ्याचा रांजण बायको उघडत नाही. तो मेला असं गावाला सांगायचंय का तुला?"

म्हणजे रांजण आहे तोवर मी जायचं नाही आणि रांजण मी उघडायचा नाही. तुझ्या आईंनी वकिली करायला हवी होती.

म्हणून लिहितेय. भांडायला नाही. ईस्टरला ये. आठ दिवसांसाठी ये. तुझा रांजण तू उघड, गावाला पाज, आणि परत जायचं असेल तर जा. मी काही विचारणार नाही. मला फक्त चार मेला तेलावीत असायचंय.

माक्वाला


मनावी, २० मार्च

एल्गुजा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. "उघडू नको. उन्हाळ्यात नक्की येतो. आईसाठी लोकरी चपला पाठवतोय. मातीकडे लक्ष दे."

चपला दोन नंबर मोठ्या आहेत. आई त्या घालून घरभर फटक फटक करत हिंडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवतात. माझ्या पत्रातल्या तेलावीबद्दल तुझ्या चार ओळींत एक शब्द नाही. वाचलंस तरी का? की गोचानं बसच्या टपावरून उडवलं ते वाऱ्यावर?

एक गोष्ट सांगते, तू हसशील. ज्या कारखान्यात मी होते तिथे दिवसाला चाळीस नमुने माझ्या टेबलावर यायचे. अख्ख्या काखेती प्रांताची वाइन मी नाकानं ओळखायचे. नापारेऊली वेगळी, त्सिनंदाली वेगळी, आणि आपल्या मनावीची हिरव्या द्राक्षांची, ती तर डोळे मिटूनही. फिकट, गवती रंगाची, गोडवा औषधालाही नाही, आणि शेवटी जिभेवर कच्च्या जर्दाळूसारखी चव. तुझ्या घरात आले आणि पहिल्याच सुगीला तुझ्या वडिलांनी, देव त्यांना शांती देवो, मला मारानीच्या उंबऱ्यावर अडवलं. म्हणाले, पोरी, बायकांनी आत यायचं नसतं, वाइन बिथरते. तू बाजूला उभा होतास. तुला माहीत होतं मी काय काम करत होते. तू बुटांकडे बघत राहिलास.

आणि आता बघ. बाईनं आत यायचं नाही, फक्त माती ओली करायला यायचं. चव घ्यायची नाही. तीन वर्षं जुनी मनावी माझ्या गुडघ्याखाली पडून आहे आणि ती कशी झालीय हे मला ठाऊक नाही. शनिवारी मातीला नाक लावून बसते मी. येड्यासारखी. काही वास येत नाही.

आईंना म्हटलं, तुम्हीही चला तेलावीला, दोन खोल्या आहेत, बाथरूम घरातच आहे. तर म्हणाल्या, "आणि एल्गुजा आला तर त्याला दाराला कुलूप दिसू दे?" मग दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसल्या. संध्याकाळी माझ्या ताटात चीजचा मोठा तुकडा टाकला. त्यांची माफी अशीच असते, तुला ठाऊक आहे. मी त्यांना टाकून जाऊ शकत नाही. तसं करता आलं असतं तर तुला पत्र कशाला लिहिलं असतं? त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. निळी गोळी विसरल्या की चक्कर येऊन पडतात. मागच्या महिन्यात तोनेपाशी पडल्या, थोडक्यात वाचल्या. हे तुला कळवू नको म्हणाल्या होत्या.

उन्हाळ्यात येतोस म्हणतोस. कुठल्या उन्हाळ्यात?

गोचा तिथलं काही बोलला का, असं विचारशील. नाही बोलला. गोचा सज्जन माणूस आहे.

डोडोनं एक मेपर्यंत हो-नाही मागितलंय. तू ये, एल्गुजा. मी हात जोडते, हेही तुझ्यासमोर कधी केलं नव्हतं.

माक्वाला


मनावी, २१ एप्रिल

एल्गुजा,

काल मी रांजण उघडला.

ईस्टरच्या सोमवारी सगळं गाव दफनभूमीत होतं. आम्हीही लाल अंडी घेऊन तुझ्या वडिलांच्या कबरीवर गेलो, अंडी गडगडवली, रीतीप्रमाणे वाइनचा प्याला मातीवर ओतला. तिथे शक्रोकाका म्हणाला की साडेतीन वर्षांची वाइन अजून त्याच रांजणात ठेवणं हा आता मूर्खपणा आहे, एल्गुजा आला तरी तेच म्हणेल. चार लोकांनी मान डोलावली. मला काय झालं कोण जाणे, मी सगळ्यांसमोर म्हटलं, मग आजच उघडू, सगळे या घरी.

आई "नको" म्हणाल्या. एकदाच, हळू. मग माझा हात धरून घरी आल्या.

वीसेक माणसं आली असतील. प्याले घेऊन मारानीत उभी होती. आई दारातल्या खुर्चीवर, हात मांडीवर. शक्रोकाकानं पहारीनं माती मोकळी केली. केवढी घट्ट होती ती, माझ्याच हातांनी सारवलेली. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, "घरचं माणूस म्हणून तूच झाकण काढ, माक्वाला." बारा वर्षांत त्या घरात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी खरंच खूष झाले होते, एल्गुजा. तेवढा अर्धा मिनिट.

झाकण सरकवलं. वास आला नाही. नाही, आला. मेणाचा, गंधकाचा आणि धुळीचा. बंद खोलीचा. वाइन उपसायचा लांब दांड्याचा भोपळा आत सोडला तर तो खाली, खाली जात राहिला आणि मग तळाला ठक् करून वाजला.

कुणाला ऐकू गेलं नाही, मी वाकलेले होते आणि मागे लोक बोलत होते. मी मान वळवली तर आधी तुझ्या आईंचा चेहरा दिसला. लोकरी चपलांतले पाय एकमेकांना लावून बसल्या होत्या, शाळेत मार खाणारी पोरगी बसते तशा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आंबलीय. सगळी व्हिनेगर झालीय."

झाकण परत ओढून घेतलं. शक्रोकाका पुढे येत होता. मी म्हटलं, जवळ येऊ नका, तुमच्या रांजणांना लागेल. मला माहीत होतं हे ऐकल्यावर कुणी पाऊल पुढे टाकणार नाही. व्हिनेगरला हे लोक पटकीसारखे घाबरतात. हातावरून, कपड्यांवरून आपल्या मारानीत जाईल म्हणून. दोन मिनिटांत घर रिकामं झालं. अंगणातल्या नळावर हात धुऊन गेले सगळे, जाताना माझ्या हाताकडे बघत. शक्रोकाकाची बायको फाटकाशी मोठ्यानं म्हणाली की बाईनं राखलेला रांजण, दुसरं काय व्हायचं होतं.

आणि हे मी ऐकून घेतलं. मी. जिनं पंचवीस वर्षांची होईपर्यंत हजारो नमुने तपासले, एकही चुकला नाही.

रात्रभर हिशेब जुळवत पडले. तू गेलास नोव्हेंबर चौऱ्याण्णवच्या शेवटी. त्याआधीच्या आठवड्यात, माझी आई जाऊन चाळीस दिवस झाले म्हणून, मी तिच्या चाळिसाव्याला माहेरी होते. परत आले तेव्हा झाकणावर नवी माती होती आणि तू म्हणालास, जुनी भेगाळली होती, बदलली. दोन टन वाइन माझ्या आईच्या चाळिसाव्याच्या आठवड्यात उपसून विकलीस. तुला जायला पैसे लागणार होते, समजू शकते. युद्ध झालेलं, कुपनांच्या नोटांना रद्दीची किंमत, सगळे जातच होते. सांगितलं असतंस तर मीच बादल्या भरून दिल्या असत्या.

पण रिकाम्या रांजणावर माती लिंपलीस आणि मला म्हणालास, पाणी शिंपड.

आता ऐक. शक्रोकाकाचे दोन रांजण त्याच मारानीत आहेत, वर्षाची कमाई आहे त्याची. तो म्हणाला, आठ दिवसांत मोठा रांजण उपसून, राखेच्या पाण्यानं धुऊन, गंधक पेटवून दे, नाहीतर मी माणसं घेऊन येतो. माणसं आली की कोरडा तळ बघतील. तेव्हा आत मलाच उतरायला हवं. तुझा खोटेपणा घासून काढायला.

आईंनी मला अजून विचारलं नाही की व्हिनेगर कशी झाली. हे मी लक्षात ठेवलंय.

माक्वाला


मनावी, २९ एप्रिल

एल्गुजा,

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. पहिल्या दिवशीचं आहे हे, फाडणार नाही.

सात दिवस रोज, गावाला दिसेल अशा रीतीनं, मागच्या ओढ्यात पंचवीस-तीस बादल्या पाणी ओतत होते, म्हणजे व्हिनेगर उपसतेय असं वाटावं. काल सकाळी मेणबत्ती पेटवून दोरीनं रांजणात सोडली. विझली नाही, हवा ठीक होती. चेरीच्या झाडाच्या सालींचा घासणा घेतला, राखेच्या पाण्याची बादली घेतली, अरुंद शिडी लावली आणि उतरले. खांदे तिरके करून जावं लागतं. मी वाळलेय इतकी की गेले. रांजण माझ्या डोक्याच्या हातभर वरपर्यंत आहे, आणि भिंती मेणानं गुळगुळीत. तळाशी उभं राहिलं की वर परातीएवढं आभाळ, म्हणजे मारानीचं छत.

आई काठावर पाट घेऊन बसल्या होत्या. राजम्याच्या शेंगा सोलत होत्या. म्हटलं, शिडीकडे लक्ष ठेवा. "ठेवते," म्हणाल्या.

थोडा वेळ घासलं. कोरड्या भिंतीवर घासणा कसा वाजतो ते त्यांनाही ऐकू येत असणार. मग वरून आवाज आला. "कोरडा आहे ना?"

मी थांबले. म्हटलं, आई, तुम्हाला कसं माहीत?

"नळी मीच धरली होती." मग सगळं सांगितलं त्यांनी. सागारेजोहून टँकर आला, दोन रात्री लागल्या, तू रडलास. तू म्हणालास की माक्वालाला कळलं की घरात काही उरलं नाही, तर ती पहिल्या बसनं तेलावीला जाईल, आणि आई, तू एकटी पडशील. म्हणून माती लिंपली. तोंड दिसत नसलं की माणसं बरं बोलतात. मला फक्त त्यांच्या चपलांची टोकं दिसत होती.

मी विचारलं, सव्वातीन वर्षं मला रिकाम्या भांड्यावर पाणी घालायला लावलंत? काठीनं कोपरे दाखवलेत?

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मग माझ्याजवळ कोण होतं?"

मला राग यायला हवा होता. खरं तर रडूच येत होतं, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. मी गेले असते. मी म्हटलं, आता कळलंय, आता जाते. सोमवारी. रांजण भरलेला नाही, तुमचाच नियम.

आणि शिडी वर गेली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात एवढं बळ कुठून आलं मला कळलं नाही. मी धरायच्या आत शेवटची पायरी माझ्या बोटांतून निसटली. वर कुठेतरी आडवी टाकल्याचा आवाज झाला. मग त्या म्हणाल्या, "जाणार नाहीस असं वचन दे. सासऱ्यांच्या कबरीची शपथ घे. मग सोडते."

आधी मला हसू आलं. म्हटलं, आई, वेडेपणा करू नका. मग ओरडले. रांजणात ओरडलं की आवाज आपल्याच डोक्यात परत येतो, बाहेर कुणाला जात नाही. मग शिव्या दिल्या, त्यांना आणि तुला, तुला जास्त. तळ निमुळता असतो, नीट बसताही येत नाही, एका पायावर भार देऊन टेकायचं. पोटऱ्या भरून आल्या. वर शेंगा सोलणं चालूच होतं. दाणे वाडग्यात पडायचे, टप, टप. त्या मला मारून टाकणार नव्हत्या. संध्याकाळी पाचला शक्रोकाका गंधक घेऊन येणार होता, तेही त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त तोवर माझ्याकडून एक शब्द हवा होता. आणि मला तो देता येत नव्हता. दिला तर मोडता आला नसता, मी तशी नाही, हे त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या मनात आलं, हे पहिल्यांदा नाही. बारा वर्षं मी अशीच उभी आहे, फक्त आज भिंती दिसल्या.

मग मी ते बोलले. जे बोलायचं नाही असं गेल्या सुगीपासून ठरवलं होतं.

म्हटलं, "आई, तुम्ही ज्याच्यासाठी घर धरून बसलात तो येणार नाही. त्याचं तिकडे दुसरं घर आहे. मुलगा आहे त्याला. दोन वर्षांचा. गोचानं पाहिलाय."

हो, मला माहीत होतं. सज्जन गोचानं ऑक्टोबरमध्येच सांगितलं, डोळे खाली घालून. तू बस स्टँडवर त्याला खांद्यावर घेऊन आला होतास म्हणे. मी आईंना सांगितलं नाही, त्या खचतील म्हणून. आणि तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते खरं झालं असतं. मला मूल झालं नाही यावर आपण कधी बोललो नाही, तूही नाही, मीही नाही. दवाखान्यातून आलो त्या दिवशी तू अंगणात लाकडं फोडलीस, मी जेवण केलं. तेव्हापासून मला वाटायचं की हे तरी तू माझ्यासाठी सोसतोयस.

वर दाणे पडायचे थांबले.

मला वाटलं, पडल्या की काय. हाक मारली, दोनदा. मग अगदी कोवळा आवाज आला. "नाव काय त्याचं?"

मी म्हटलं, व्हानो.

तुझ्या वडिलांचं नाव. मी ते त्यांना द्यायला नको होतं का? विचारलं तर सांगितलं.

मग त्या रडायला लागल्या, आणि मी खाली उभी राहून ऐकत होते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या आनंदानं रडतायत. "व्हानो," म्हणत होत्या. "माझा व्हानो." पुन्हा पुन्हा. आणि शिडी खाली आली. त्यांना माझ्याकडून आता वचन नको होतं. काहीच नको होतं.

मी वर आले तेव्हा त्यांनी माझे राखेनं भरलेले गाल धरून मुके घेतले आणि विचारलं, कुणासारखा दिसतो म्हणाला गोचा. मी म्हटलं, कान तुमच्या नवऱ्यासारखे.

माक्वाला


मनावी, ३ मे, रविवार

एल्गुजा,

हे शेवटचं. डोडोला मी हो कळवलंय. गोचा उद्या पहाटे निघतो, मी त्याच्याच बसनं सागारेजोपर्यंत जाईन, तिथून डोंगरापलीकडे तेलावीची दुसरी.

गावाला नातवाची बातमी तुझ्या आईंनी स्वतः दिली. दारोदार. मला वाटलं होतं शरमेनं तोंड लपवतील. अंहं. ईस्टरला व्हिनेगरला घाबरून पळालेली माणसं आज दुपारी अंगणात जेवायला होती, आणि मी वाढत होते. कुणाच्या नावानं प्यायचं ते सांगायचा मान शक्रोकाकानं घेतला. पहिला देवाला, दुसरा मेलेल्यांना, तिसरा व्हानोला. सगळे उभे राहून प्याले. शक्रोकाकाची बायको मला हळूच म्हणाली की तूही घे, शेवटी घराण्याचं नाव चालू राहिलं. मी घेतला. वाइन चांगली होती, तुझ्याच मळ्यातली.

मग आई उठल्या. त्यांनी कमरेची मारानीची किल्ली सोडली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "सूनबाई, तू शिकलेली आहेस. या सुगीला मोठा रांजण तुझ्या हातानं भर. व्हानोच्या लग्नाचा रांजण. आता मारानी तुझी, तुला कुणी अडवणार नाही."

पोराच्या जन्माला त्याच्या लग्नाची वाइन पुरतात, हे काय मला सांगायला हवं. मला माहीत होतं त्या काय देतायत. त्यांच्या घरात याहून मोठं काही नाही. मनापासून देत होत्या, माफी म्हणून, चीजच्या तुकड्यासारखी. खोटं कशाला बोलू, माझा हात पुढे गेला होता. माझी स्वतःची मनावी, पहिल्या दिवसापासून माझ्या नाकाखाली. बारा वर्षं तेच हवं होतं.

मी म्हटलं, "नाही."

लोकांना ऐकू आलं नाही की काय म्हणून परत म्हटलं. मग म्हटलं, तो रांजण आंबला नव्हता. रिकामा होता. एल्गुजानं जायच्या आधी विकला, माती लिंपली, आणि मी रिकाम्यावर पाणी घातलं. माझ्या हाताला काही खोट नाही. शक्रोकाकानं प्याला खाली ठेवला आणि तुझ्या आईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली, पण नाही म्हणाल्या नाहीत. मग शक्रोकाका उठला, माझ्याकडे आला आणि माझा हात हातात घेतला, तोच, ज्याच्याकडे बघत ते लोक हात धुवून गेले होते. जेवण लवकर आटपलं.

आत्ता आई आत कपडे आवरतायत, माझे. लोकरी शाल घडी करून माझ्या पिशवीत घालतात, काढतात, परत घालतात. मी त्यांना पुन्हा विचारलं, चला माझ्याबरोबर. म्हणाल्या, व्हानो आला तर. मला त्यांचा राग येत नाहीये, येईल बहुतेक नंतर. आत्ता फक्त भीती वाटतेय, की त्यांनी जेवायला थांब म्हटलं तर मी थांबेन. म्हणून इथे पायरीवर बसून लिहितेय, आत जात नाही.

तुझं घर जसं होतं तसं आहे. छत गळत नाही. आईंची औषधं कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. निळी गोळी सकाळी, काही खाल्ल्यावर, आणि त्यांनी घेतलीय का हे बघायला लागतं, कारण घेतली म्हणतात आणि एप्रनच्या खिशात ठेवतात. गुडघ्याला कोमट तेल. एकट्यांना तोनेपाशी जाऊ द्यायचं नाही. शक्रोकाकाची बायको पंधरा दिवस दोन्ही वेळा येऊन जाईल, मी तिच्याशी बोललेय, ती बोलते वाकडं पण करेल नीट.

सोळाव्या दिवसापासून त्या तुझ्या.

माक्वाला